पीक दहा टक्के कमी, भाव तीस टक्के जास्त

नाशिककडच्या कांदा उत्पादकाला एक गणित तोंडपाठ असतं. कांदा दणकून पिकला की समजायचं, यंदा पैसे नाहीत. शहरात राहणाऱ्याला हे उफराटं वाटतं. माल दुप्पट, तर पैसे दुप्पट नकोत का? पण बाजार समितीत ट्रॅक्टर लावून तासन्‌तास लिलावाची वाट बघितलेल्या माणसाला त्यात काही नवल वाटत नाही. भाडंसुद्धा सुटणार नाही असं दिसलं की तो कांदा तिथंच ओतून निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

या गणिताचा एक तक्ता १६९९ साली लंडनमध्ये छापला गेला. चार्ल्स डॅव्हनंट नावाच्या लेखकाने तो आपल्या पुस्तकात दिला. आकडे बहुधा ग्रेगरी किंगचे असावेत. देशात माणसं किती, घरं किती, मेंढ्या किती, हे मोजत बसण्याचं या किंगला वेडच होतं. तक्ता अगदी छोटा आहे. धान्याचं पीक नेहमीपेक्षा एक दशांशाने कमी आलं, तर भाव तीन दशांशांनी चढतो. दोन दशांशांनी कमी आलं तर आठ दशांशांनी. तीन कमी तर सोळा, चार कमी तर अठ्ठावीस. आणि पीक निम्मंच आलं तर भाव ४५० टक्क्यांनी चढतो, म्हणजे मूळ भावाच्या साडेपाच पट होतो.

असं का होतं, ते घरातल्या खर्चाकडे पाहिलं की कळतं. धान्य महागलं म्हणून कोणी जेवण सोडत नाही. आधी नवं कापड थांबतं, मग पोरांचं दूध, मग भांडी मोडीत जातात. भाकरीला हात लागतो तो सगळ्यात शेवटी. त्यामुळे धान्य थोडंसं कमी पडलं तरी सगळे हातात असेल तेवढा पैसा घेऊन उरलेल्या पोत्यांमागे धावतात. उलट बाजूनेही तेच. ज्वारी स्वस्त झाली म्हणून दोन भाकऱ्यांच्या जागी चार कोणी खात नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला 'मागणीची लवचिकता कमी असणं' म्हणतात. पोटाचं माप ठरलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता हिशोब करून बघा. १०० पोती, पोत्याला १० रुपये, तर शेतकऱ्यांच्या हातात १,००० रुपये. पीक १० टक्क्यांनी घटलं, पोती ९०, भाव १३, तर हातात १,१७०. कमी पिकलं आणि जास्त मिळालं! फक्त या 'शेतकऱ्यांच्या हातात' या शब्दांत बरंच काही लपलेलं आहे. ज्याचं शेत करपलं त्याला या १,१७० मधला एक रुपयाही मिळत नाही. आणि ज्याने देणं फेडायला खळ्यावरच धान्य विकलं, त्याला श्रावणात तेच धान्य चढ्या भावाने विकत आणावं लागतं.

पुढची तीनशे वर्षं अर्थतज्ज्ञ भांडत आले ते या पोत्यावरून. तो सगळा वाद वाचताना मला एक गोष्ट सारखी दिसत राहिली. कोण काय म्हणतो, हे तो पोत्याच्या कोणत्या बाजूला बसलाय त्यावर ठरतं. कोणी पिकवणाऱ्याच्या बाजूला, कोणी साठवणाऱ्याच्या, कोणी विकत घेऊन खाणाऱ्याच्या. ज्याच्याकडे विकायला फक्त दोन हात आहेत त्याच्या बाजूची जागा मात्र फार काळ रिकामीच होती.

पिकवणाऱ्याच्या बाजूला बसलेला पहिला मोठा माणूस म्हणजे फ्रान्सचा फ्रान्स्वा केने. हा मुळात डॉक्टर, पंधराव्या लुईच्या दरबारातला. १७५८ मध्ये त्याने देशाची संपत्ती कोणाकडून कोणाकडे कशी फिरते याचा आराखडा काढला. खरी नवी संपत्ती फक्त जमीन देते, बाकी सगळे धंदे तिच्यावर जगतात, असं त्याचं म्हणणं. ते पुढे टिकलं नाही. पण त्याची एक तीन ओळींची शिकवण अजून जुनी झालेली नाही. माल मुबलक पण मातीमोल, ही श्रीमंती नव्हे. टंचाई आणि महागाई, हे दैन्य. माल मुबलक आणि भावही चांगला, ही खरी सुबत्ता.

त्या काळी फ्रान्समध्ये शहरातली माणसं बिथरू नयेत म्हणून धान्य स्वस्त ठेवण्याकडे सरकारचा कल असे. केने म्हणत होता की असं करून तुम्ही शेतकऱ्याचं भांडवल खाताय. त्याच्याकडे बैल-नांगराला पैसे उरले नाहीत तर उद्या पिकणार काय? १९८० च्या सुमाराला चाकणच्या आणि नाशिकच्या रस्त्यांवर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत कांदा-ऊस आंदोलनं केली, तेव्हा भाषा वेगळी होती, पण तक्रार केनेच्याच जातीची होती.

मुबलकतेचं ओझं ही काही जुनीपुराणी किंवा फक्त आपली गोष्ट नाही. १९३३ मध्ये अमेरिकन सरकारने भाव सावरण्यासाठी साठ लाखांवर डुकरं, त्यातही बहुतेक पिल्लं, विकत घेऊन मारली. त्याच वेळी त्याच देशाच्या शहरांत बेकार माणसं फुकटच्या पावासाठी रांगेत उभी होती.

केनेच्या शिष्यांनी धान्याचा व्यापार मोकळा करा असा आग्रह धरला आणि १७६३-६४ मध्ये फ्रान्सने तो केलाही. पुढची काही पिकं वाईट गेली, भाव कडाडले. तेव्हा खाणाऱ्याच्या बाजूने बोलला तो फर्डिनांडो गालियानी, नेपल्सचा एक बुटका, अत्यंत विनोदी पाद्री. त्याच्या नेपल्समध्ये १७६४ साली भयंकर दुष्काळ पडला होता. १७७० मध्ये त्याने धान्याच्या व्यापारावर संवाद लिहिले. भाव चढला की माल आपोआप तिकडे जातो, हे त्याला मान्य होतं. त्याचा मुद्दा वेळेचा होता. माल यायला आठवडे लागतात आणि भुकेला माणूस आठवडे थांबत नाही. कापड उशिरा आलं तर कोणी मरत नाही. म्हणून शेतातलं धान्य व्यापाराची बाब असेल, पण ताटातलं धान्य ही राज्याची बाब आहे. सगळीकडे एकच नियम लावणारे लोक त्याला मुळीच आवडत नसत. मला या सगळ्या मंडळींत गालियानी सर्वांत शहाणा वाटतो, आणि आज त्याचं नावही कोणाला माहीत नसतं.

१७७४ मध्ये तुर्गो फ्रान्सचा अर्थमंत्री झाला आणि त्याने व्यापार पुन्हा मोकळा केला. दुर्दैवाने पीक पुन्हा वाईट गेलं. १७७५ च्या वसंतात पॅरिसच्या आसपास शेकडो ठिकाणी दंगे उसळले. इतिहासात त्यांना 'पिठाचं युद्ध' म्हणतात. या दंग्यांची एक तऱ्हा बघण्यासारखी आहे. बऱ्याच ठिकाणी लोकांनी गहू लुटला नाही. पोती ताब्यात घेतली, आपल्याला वाजवी वाटणारा भाव ठरवला आणि तेवढे पैसे मोजून धान्य घरी नेलं. त्यांच्या लेखी चोर व्यापारी होता, ते नव्हते. सरकारने सैन्य आणलं. पॅरिसच्या चौकात दोघांना फाशी दिलं. एक केसांचे टोप बनवणारा, दुसरा जाळीदार कापड विणणारा. वर्षभरात तुर्गोचं मंत्रिपदही गेलं.

त्याच वर्षी, १७७६ ला, अ‍ॅडम स्मिथचं पुस्तक आलं. त्यात धान्याच्या व्यापारावर एक लांबलचक आडकथा आहे, आणि ती आपल्या देशाला फार महागात पडली. स्मिथ बसला होता साठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या बाजूला. त्याने दिलेला दाखला मात्र खरोखर सुरेख आहे. जहाजावर शिधा कमी आहे आणि बंदर लांब आहे. शहाणा कप्तान पहिल्या दिवसापासूनच सगळ्यांचा शिधा थोडा कमी करतो. टंचाईच्या वर्षी धान्याचा व्यापारी हेच करतो, म्हणे. त्याने आधीच भाव चढवला की लोक आधीपासून जपून खातात आणि साठा पुढच्या सुगीपर्यंत पुरतो. तो हे फायद्यासाठी करतो, पण परिणाम कप्तानासारखाच. लोकांच्या मनातली साठेबाजांची भीती स्मिथला चेटकिणींच्या भीतीसारखी वाटे. टंचाईचा दुष्काळ होतो तो सरकारने घाईघाईत भलते उपाय केल्यामुळे, असा त्याचा निष्कर्ष होता. बंगालच्या १७७० च्या दुष्काळाबद्दलही त्याने लिहिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांमुळे टंचाईचं रूपांतर कदाचित दुष्काळात झालं असावं, असं.

त्यातला 'कदाचित' वाटेत गळून गेला. १८१२ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरने थेट या आडकथेचा हवाला देऊन धान्यव्यापारात हात घालायला नकार दिला. स्कॉटलंडच्या माणसाने इंग्लंड-फ्रान्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं प्रकरण इथे सरकारी धोरण झालं. आणि जहाजाच्या दाखल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, जी सहज नजरेतून सुटते. जहाजावर शिधा सगळ्यांचाच थोडा थोडा कमी होतो. बाजारात तसं होत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचा शिधा कमी होतच नाही, आणि ज्याच्या नाहीत त्याचा शून्यावर येतो.

माल्थसबद्दल बहुतेकांना शाळेपासून माहीत असतं. १७९८ सालचा निबंध. लोकसंख्या गुणाकाराने वाढते, अन्न बेरजेने. म्हणजे १, २, ४, ८ विरुद्ध १, २, ३, ४. या आकड्यांना त्याच्याकडे फारसा आधार नव्हता आणि पुढची दोनशे वर्षं अन्न त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी वेगाने वाढलं. पण आपल्या दृष्टीने त्याची नोकरी त्याच्या निबंधाहून महत्त्वाची आहे. १८०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवत होता. लंडनजवळच्या हेलीबरीचं हे कॉलेज. हिंदुस्थानात कलेक्टर, कमिशनर व्हायला निघालेली सोळा-सतरा वर्षांची पोरं त्याच्याकडून अर्थशास्त्र शिकत. ती त्याला 'पॉप' म्हणत, पॉप्युलेशनवरून.

त्या वर्गातून निघालेला एक धागा सरळ आपल्या पुणे जिल्ह्यात येतो. माल्थस आणि त्याचा मित्र रिकार्डो यांनी खंडाचा सिद्धांत मांडला होता. लागवडीत असलेली सगळ्यात हलकी जमीन जेमतेम खर्च भागवते. तिच्यापेक्षा चांगली जमीन जेवढं जास्त देते तो मालकाचा खंड. तो त्याने कमावलेला नसतो, मातीने दिलेला असतो. त्यामुळे त्यावर कर लावला तरी धान्य महागत नाही. इंग्लंडात हे जमीनदारांना टोचण्यासाठी वापरलं गेलं. इथे, पेशवाई गेल्यावर, सरकारच स्वतःला जमीनदार समजत होतं. हेलीबरीत शिकलेल्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुण्याकडच्या प्रदेशाची पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या मातीतून किती पिकतं, बी-बैल-मजुरीचा खर्च किती, उरतं किती, असं मोजायचं आणि त्या उरलेल्याच्या ५५ टक्के सारा घ्यायचा.

कागदावर हे निर्दोष होतं. पण शेताशेताचा निव्वळ नफा काढणार कोण? हाताखालचे कारकून. आकडे बनवले गेले, पैसे खाल्ले गेले, काही ठिकाणी सारा भलताच चढला. त्यात भाव पडले. इंदापुरासारख्या कोरडवाहू तालुक्यात लोकांनी जमिनी टाकून दिल्या. शेवटी १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरापासूनच नवी मोजणी सुरू केली. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला, माती खणून खोली आणि पोत पाहिला आणि जमिनीची प्रत आण्यांत लावली. सोळा आणे जमीन सगळ्यात भारी, मग उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत. दुष्काळ जाहीर करायचा की नाही हे ठरवताना अगदी अलीकडेपर्यंत पैसेवारी ५० च्या खाली आली का ते बघत. आणेवारीची ती भाषा अशी फार लांबून आलेली आहे.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खन आणि मद्रास भागात पडला. हिंदुस्थानात किमान ५० लाख माणसं गेली. या दुष्काळातलं एक पात्र म्हणजे इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेम्पल. यानेच १८७३-७४ मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून जवळजवळ सगळ्यांना वाचवलं होतं. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली ती उधळपट्टीबद्दल बोलणी. धडा घेऊन हा गृहस्थ १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात आला आणि दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढी मजुरी ठरवली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडून! मजुरांनी कामं सोडली, आकडा लाखाच्या घरात गेला. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सभेने गावोगावची हकिकत गोळा केली, सरकारला अर्जांवर अर्ज केले. त्याच काळात हिंदुस्थानचा गहू इंग्लंडला चालला होता, कारण तिथला गिऱ्हाईक पैसे मोजत होता. बाजार अगदी नियमानुसार चालू होता.

सरकारच्याच १८८० च्या दुष्काळ आयोगाने मग लिहिलं की दुष्काळाचा पहिला घाव शेतमजुरांवर पडतो, आणि तो धान्य नाही म्हणून पडण्यापेक्षा काम आणि मजुरी नाही म्हणून पडतो. दादाभाई नौरोजी १८७० च्या दशकातच वेगळ्या वाटेने तिथंच पोचले होते. त्यांनी माणशी उत्पन्न काढलं, वर्षाला २० रुपये. मग तुरुंगातल्या कैद्याला जे खायला-ल्यायला मिळतं त्याचा खर्च लावला. तो निघाला ३४ रुपयांच्या आसपास. सरकारच्या कैद्याला जे मिळतं ते मोकळ्या माणसाला परवडत नाही, हे सांगायला त्यांना विशेषणं लागली नाहीत.

खरं तर हे सगळं देहूच्या एका वाण्याने आधीच अनुभवलं होतं. १६३० च्या दुष्काळाबद्दल तुकोबा सांगतात तो क्रम नीट वाचा. आधी द्रव्य आटलं, मग मान गेला, मग बायको अन्न अन्न करत मेली. द्रव्य पहिलं आहे.

विकायला फक्त दोन हात असलेल्या माणसाच्या बाजूची ती रिकामी जागा अर्थशास्त्रात रीतसर भरली ती अमर्त्य सेन यांनी, १९८१ मध्ये. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी लहानपणी, जेमतेम नऊ-दहा वर्षांचे असताना, शांतिनिकेतनात पाहिला होता. मोठेपणी त्यांनी आकडे मांडले. १९४३ मध्ये बंगालात असलेलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फक्त ५ टक्क्यांनी कमी होतं, आणि १९४१ पेक्षा १३ टक्क्यांनी जास्त. १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला, अजून होतो. पण त्यांची विचारण्याची रीत टिकली. धान्य किती आहे हे विचारून थांबू नका. अमुक माणूस आपल्या जवळचं काय देऊन ते मिळवणार आहे, ते विचारा.

बंगालचा न्हावी घ्या. युद्धाच्या पैशाने कलकत्त्यात भाव भडकले, तांदूळ चौपट झाला. खेड्यातल्या लोकांनी सगळ्यात आधी काय थांबवलं? केस कापणं. एका हजामतीच्या पैशात पूर्वी जेवढा तांदूळ येई त्याचा काही भागच आता येऊ लागला, आणि हजामतीच कमी झाल्या. त्याच्या गावात तांदूळ होता. त्याच्या वस्तऱ्याच्या बदल्यात तो मिळत नव्हता. मच्छीमारांचं तेच, गाडीवानांचं तेच. वाट्याने शेती करणारा गरीबच, पण त्याचा वाटा तांदळात मिळायचा, म्हणून तो तुलनेने तगला. किंगच्या तक्त्यात पीक आणि भाव असे दोनच रकाने होते. सेन यांनी तिसरा जोडला, माणसाच्या कमाईचा.

माणसाच्या हातात अन्न किंवा कमाई पोचवण्याचा उपाय तसा फार जुना आहे. कौटिल्याने कोठारातला अर्धा साठा जनपदाच्या संकटासाठी राखून ठेवायला सांगितलं आहे, आणि दुष्काळात राजाने बी-अन्न द्यावं किंवा अन्न देऊन किल्ले-बंधाऱ्यांची कामं काढावीत असंही. आपल्याकडे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि जिकडे तिकडे खडी. पोरांना सुकडी. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्या वेळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर कडक निर्बंध होते, तरी व्यापाऱ्यांनी चोरवाटांनी ते महाराष्ट्रात आणलं, कारण इथल्या मजुराच्या हातात आता मजुरी होती. स्मिथचा व्यापारी अखेर कप्तानासारखा वागला, पण त्यासाठी आधी गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे यावे लागले. हाल झाले, आजारपणं आली, पण १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही.

मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे जुनी माणसं अजून म्हणतात, बहात्तरचा दुष्काळ धान्याचा होता, आताचा पाण्याचा. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, गिळता गिळत नसे म्हणतात. मग उपाशी मेलं का कोणी, असं विचारलं तर जरा थांबून सांगतात, जनावरं गेली.